रायफलीची बैठक

बारामती,
४ जुलै १९९४

साखरवहिनींना गुलजारचा सलाम.

पाकिटावर तुमचं नाव पाहून दचकू नका. इतकी वर्षं निरवांगीला पत्र धाडलं ते ज्ञानोबाच्या नावानं, आणि तुमची चौकशी शेवटच्या ओळीत. या खेपेला त्याच्या नावानं लिहिलं असतं तर तो ते न फोडता फळीवर ठेवून देईल अशी मला भीती वाटली.

गुरुवारी तो दुकानात आला होता. रायफल जुन्या धोतरात गुंडाळलेली, वर परवाना. टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "गुलजार, ही इकून टाक." मी म्हटलं, बस तरी. तर म्हणे, "बसाया आलो न्हाय." बिस्मिल्लानं चहाचा कप बाहेर आणेपर्यंत तो स्टँडच्या वळणाला लागला होता. आमच्या घरचा चहा त्यानं टाळला असं आजवर झालेलं नाही.

सोनबाला रानडुकरानं मारल्याचं मला जानेवारीतच कळलं होतं. तेव्हा मी अंथरुणाला खिळलेलो, येणं झालं नाही. पण त्यात ज्ञानोबाचा चेहरा असा उतरण्यासारखं आणखी काही आहे, हे त्याला पाहिल्यावर समजलं.

रायफल मी ठेव म्हणून नोंदवून कपाटात ठेवली आहे. गिऱ्हाईक मिळेल, त्याचं काही नाही. पण होमगार्डच्या परेडीत आम्ही दोघं एकाच रायफलीवर नेम धरायला शिकलो. पुढं ज्ञानोबाच्या या रायफलीचा कारखान्यातून आलेला लाकडी दस्ता तडकला, तेव्हा शिसवीचा नवा दस्ता मी माझ्या हातानं घडवला, ज्ञानोबाच्या हाताच्या लांबीचा. दुसऱ्याच्या खांद्याला तो बसायचा नाही. म्हणून विकण्याआधी घरच्या माणसाला विचारतो. काय झालंय, वहिनी?

तुमचा,
गुलजार


निरवांगी,
९ जुलै १९९४

गुलजारभावजींना साखरबाईचा नमस्कार.

बिस्मिल्लाबाईंना सांगा, चहाचा राग धरू नका. हे हल्ली माझ्या हातचाही अर्धाच घेतात. पत्र मी शेजारणीकडून वाचून न घेता स्वतः वाचलं आणि स्वतः लिहिते आहे. सातवीची शाळा इतक्या वर्षांनी कामाला आली.

सोनबा म्हणजे यांचा बांधाला बांध लागून असलेला जोडीदार. एकाच्या रानाला दुसरा पाणी द्यायचा, एकाची भाकरी दुसरा खायचा. त्याच्या उसात डुकरं शिरली होती. रीतसर परवानगी काढली आणि दोघं उजाडताना गेले. सोनबा पत्र्याचा डबा वाजवत उसातून हाकत आला, हे बांधावर बसले. डुक्कर निघालं ते यांच्या समोरच, शंभरेक पावलांवर. तेवढ्या अंतरावर यांची गोळी चुकल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. त्या दिवशी चुकली आणि विहिरीच्या कठड्याला लागली. दुसरी भरेपर्यंत डुक्कर उलटलं आणि सोनबावर गेलं. इंदापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो राहिला नाही.

पोलिसांनी रायफल नेली, चौकशी केली, जूनमध्ये परत दिली. सरकारदरबारी सगळं साफ आहे. गावाच्या तोंडाला मात्र झाकण नाही. गाव म्हणतं, ज्ञानू पिऊन गेला होता. भावजी, यांनी दारू सोडली ती तुमच्याच दुकानात तुमच्या हातावर हात ठेवून, आणि पुन्हा शिवले नाहीत. पण एकदा प्यालेला तो जन्माचा पिणारा, असा गावाचा हिशेब.

त्याचंही मला काही वाटलं नसतं. पण आता हेच तसं मानायला लागलेत. मला एकदाच म्हणाले, "माझा हात गेला, साखरे. सोनबाला म्याच मारला." सोनबाची बायको छबूबाई आम्हाला एक शिवी देत नाही. आम्हाला पाहिलं की पदर ओढून तोंड फिरवते. तिच्या दारावरून जावं लागू नये म्हणून हे मागच्या ओढ्यातून रानात जातात, तेही गेले तर.

तुम्ही ती रायफल विकू नका. उघडून बघा. चूक हाताची होती की हत्याराची, एवढंच मला कळू द्या. जे असेल ते लिहा.

साखरबाई


बारामती,
२७ जुलै १९९४

साखरवहिनींना सलाम.

उशीर झाला. मुद्दाम सावकाश पाहिलं, कारण यात ज्ञानोबाचा जीव अडकलेला आहे.

चूक हत्याराची आहे. हे त्याला ठणकावून सांगा.

कसं ते लिहितो, म्हणजे तुम्हाला सांगता येईल. रायफलीत जिथं गोळी भरतात, ज्याला बोल्ट आणि चाप असतो, ते लोखंडी घर लाकडी दस्त्यात बसवलेलं असतं. त्याला आम्ही बैठक म्हणतो. लोखंड लाकडात असं बसलं पाहिजे की मध्ये केस मावू नये. म्हणून मी दिव्यावर काजळी धरतो, तेलात कालवून लोखंडाला फासतो, लोखंड लाकडात ठेवतो आणि उचलतो. लाकडावर जिथं काळं उमटतं तिथं ते वर आलेलं असतं. तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा ठेवायचं. सगळीकडं सारखं काळं उमटलं की बैठक झाली. नळीच्या खाली मात्र लाकूड लागता कामा नये. कागद सरकला पाहिजे. लोखंडाला खाली एक कान असतो, बार उडाला की सगळा धक्का तो कान लाकडावर घेतो.

ज्ञानोबाच्या रायफलीचा पुढचा स्क्रू मी सैल केला तर नळी आपोआप वर उचलली गेली. म्हणजे खालची बैठक दबलेली होती आणि स्क्रूनं नळीला वाकवून धरलं होतं. कानाच्या मागचं लाकूड तर खचलंच होतं. अशा रायफलीची एक गोळी इकडं जाते, दुसरी तिकडं. तिथं कोणाचाही हात असता तरी काही चाललं नसतं.

लाकूड जुनं झालं, ओल धरली, एवढंच कारण. मी शिसवीचा नवा दस्ता घडवायला घेतला आहे. ज्ञानोबाला म्हणावं, येऊन बस जरा पटाशीचा आवाज ऐकत.

गुलजार


निरवांगी,
६ ऑगस्ट १९९४

गुलजारभावजींना नमस्कार.

तुमचं पत्र मी यांना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ऐकताना मान वर झाली. दुसऱ्यांदा वाचताना "ओल धरली" या शब्दांवर त्यांनी मला थांबवलं.

म्हणाले, "ओल कुठनं यील? मी कंदी पावसात काढली न्हाय तिला. धोतरात गुंडाळून चुलीवरच्या आढ्याला ठिवली. घरातलं समदं भिजलं तरी ती भिजली न्हाय." मग म्हणाले, "गुलजार माझा दोस्त हाय. मला बरं वाटावं म्हून लिवतोय."

भावजी, हे खरंच आहे की ते रायफल पोरीसारखी जपायचे. नळी आतून रोज पुसायचे. दस्त्याचे स्क्रू तेवढे कधी उघडले नाहीत. "गुलजारनं बसवलंय, त्येला हात लावायचा न्हाय," म्हणायचे. तुमच्या कामावर तेवढा भरवसा होता. पण आता तुमच्या पत्रावर तो भरवसा नाही.

तेव्हा तो जुना दस्ताच पाठवून द्या. नुसतं लाकूड आहे, एसटीनं यायला त्याला परवाना लागत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? खचलेली जागा यांना डोळ्यांनी पाहू दे.

साखरबाई


बारामती,
२० ऑगस्ट १९९४

साखरवहिनींना सलाम.

जुना दस्ता काढताना मोडला. दुकान झाडताना बिस्मिल्लानं तो जळणात टाकला असावा. शोधून पाहिला, सापडला नाही.

त्यापेक्षा ज्ञानोबालाच इकडं पाठवा. मी समोर बसवून त्याला समजावतो.

गुलजार


निरवांगी,
२८ ऑगस्ट १९९४

भावजी,

नमस्काराची ओळ मनात धरा. रागानं लिहिते आहे.

ज्या माणसाच्या दुकानात वीस वर्षांपूर्वीचा मोडका चापसुद्धा खिळ्याला टांगलेला असतो, त्याच्याकडून अख्खा दस्ता चुलीत जातो होय? बिस्मिल्लाबाईंवर घालताना तरी जरा विचार करायचा. तुमच्या पटाशीला त्यांनी कधी हात लावला आहे का?

परवा मी भाकरी घेऊन रानात गेले, तर हे विहिरीच्या कठड्यावर बसलेले, पाय आत सोडून. गोळी जिथं लागली तिथल्याच खपलीवरून बोट फिरवत होते. मी शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "तू जा. सैपाक असंल." मी गेले नाही. दिवस कलला तरी दोघं तसेच बसून होतो. शेवटी मला थंडी वाजायला लागली म्हणून ते उठले. स्वतःसाठी उठले नाहीत. याच्यापुढं काय होईल ते मला लिहवत नाही.

तुम्ही काही तरी झाकताय. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी रात्रंदिवस विचार केला आणि एकच गोष्ट ध्यानात आली. दस्ता तुम्ही घडवलेला, बैठक तुम्ही बसवलेली. तुमच्याच हातून काही राहून गेलं होतं का? तसं असेल तर सांगून टाका. मी तुमच्या दारात येऊन तमाशा करणार नाही. माणूस चुकतो. पण माझा नवरा ज्या चुकीखाली दबून चालला आहे ती त्याची नसेल, तर ती ज्याची आहे त्यानं उचलावी.

साखरबाई


बारामती,
५ सप्टेंबर १९९४

साखरवहिनींना सलाम.

दस्ता जळालेला नाही. तो माझ्या कपाटात, कापडात गुंडाळून ठेवलेला होता. आज एसटीच्या पार्सलनं पाठवला आहे. हे पत्र आधी वाचा, मगच कापड सोडा, आणि सोडाल तेव्हा एकट्या असा.

मी लोखंड उचललं तेव्हा खाली काजळीसारखा काळा चिखल दिसला. वाटलं, नळीचं तेल असेल. बोटानं खरवडलं तर काळ्याच्या खाली लाल निघालं आणि लालच्या खाली पिवळं. वास घेतला. हळद होती, वहिनी. हळद, कुंकू आणि गोडेतेल, थरावर थर. बैठकीच्या भेगेतून आत उतरून लाकडात मुरलेलं. कानाच्या मागं तर शिसवीसारखं लाकूड भिजलेल्या गुळासारखं झालं होतं. नखानं निघत होतं.

तुम्ही खंडेनवमीला रायफलीला आंघोळ घालता हे मला ठाऊक होतं. पण ज्ञानोबा एकदा कौतुकानं म्हणाला होता, शिकारीला निघालो की दर वेळी साखर ओवाळते, रायफलीला हळदीकुंकवाची बोटं लावते, आणि कुंकू टिकावं म्हणून वर तेल सोडते. लोखंड आणि लाकूड जिथं मिळतात, बरोबर त्या सांध्यावर. तेव्हा मी हसलो होतो. तेल कुठं जात असेल याचा विचार त्यालाही आला नाही आणि मलाही नाही.

हे मी तुम्हाला लिहू शकलो नाही. एक तर तुम्ही त्याच्या जिवासाठी केलेलं, ते सोनबाच्या जिवावर उठलं असं कोणत्या तोंडानं लिहू? दुसरं, तेही सांगतो. माझं नाव गुलजार आहे. उद्या गावात कोणी म्हणालं, की पूजेला दोष द्यायला याला बरं निमित्त सापडलं, तर मी काय उत्तर देणार होतो? आमच्या दुकानातली हत्यारंही वडिलांच्या वेळेपासून दसऱ्याला फुलं घेतात. गिऱ्हाईकांना बरं वाटतं, आम्हालाही वाटतं. मला पूजेबद्दल काही म्हणायचं नाही. मला फक्त लाकडाबद्दल कळतं.

तुम्ही विचारलंत, चूक माझी होती का. त्या प्रश्नानं मला वाट दाखवली. तुम्ही ज्ञानोबाला सांगा, गुलजारनं बैठक कच्ची बसवली होती. तो दस्ता त्याला दाखवू नका. तो मला शिव्या देईल, दोन वर्षं तोंड पाहणार नाही, पण विहिरीवरून उठेल. मला चालेल. मी कोणाजवळही नाकारणार नाही.

ठरवायचं तुम्ही.

गुलजार


निरवांगी,
२४ ऑक्टोबर १९९४

गुलजारभावजींना साखरबाईचा नमस्कार.

दीड महिना उत्तर दिलं नाही. पार्सल आलं त्या दिवशी मी एकटीच होते. कापड सोडलं, बोट घातलं, आणि बोट पिवळं झालं. ती हळद मी घरच्या जात्यावर दळलेली. मला वासानंच ओळखू आली.

दस्ता मी ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवला आणि तुम्ही सांगितलेलं खोटं बोलायचं ठरवलं. रोज सकाळी तोंडाशी आणायचे आणि रोज गिळायचे. एकदा तर "गुलजारभावजींची बैठक" एवढं बोलून गेले. यांनी मान वर केली नि म्हणाले, "त्येच्या बैठकीला नाव ठिवू नगंस." एवढ्या दिवसांत तेवढीच एक गोष्ट त्यांना खरी वाटत होती. तीही माझ्या हातानं मोडायची होती का? माझ्यानं झालं नाही.

खंडेनवमी आली. मी कोयता, विळा, नांगराचा फाळ पाटावर मांडला. रायफलीच्या जागी तुमचा दस्ता ठेवला, कोरडा, उघडा, वर काही न लावता. यांना हाक मारली. ते पाटासमोर येऊन बसले. मग कानाच्या मागच्या खड्ड्यात त्यांनी बोट घातलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं, "माझी."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून गोठ्यात गेले आणि दोन दिवस भाकरी तिथंच मागवून खाल्ली. मी दारात रडत बसले नाही, कामं केली. पण खरं सांगते भावजी, मला जन्माचं वाईट वाटलं. माझं कुंकू राखायला म्हणून मी ते दर वेळी केलं. माझं राहिलं, आणि छबूचं गेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी घागरीसोबत दस्ता उचलला आणि पाण्याच्या नळावर गेले. मुद्दाम तिथंच, बाया जमलेल्या असतात म्हणून. छबूबाई हंडा लावून उभी होती. तिनं तोंड फिरवलं. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "छबू, माझ्या मालकांनी दारू घेतली न्हवती. त्येंचा हात हालला न्हवता. ही माझी हळद हाय. हिच्यानं रायफल खराब झाली. काय बोलायचं ती मला बोल." तुम्ही लिहिलेलं सगळं, काजळीपासून कानापर्यंत, मी सांगितलं. नळाचं पाणी वाहून चाललं होतं, ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

छबूनं दस्ता हातात घेतला. त्या खड्ड्यात बघितलं. मी समजले, आता हा माझ्या डोक्यात घालते. तर ती हळूच म्हणाली, "अक्का, त्या दिशी मी बी त्येंला ओवाळूनच धाडलं व्हतं. कपाळ भरून कुंकू लावलं व्हतं." एवढंच. मग तिनं तिचा भरलेला हंडा बाजूला केला आणि माझी घागर नळाखाली लावली.

त्या दिवसापासून गावात दारूचं नाव कोणी काढलेलं नाही. माझं काढतात, हळदवाली म्हणतात. काढू दे.

रविवारी छबू आमच्या दारात आली, सोनबा गेल्यापासून पहिल्यांदा. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "भावजी, उसात पुन्ना डुकरं आल्याती. माझ्यानं एकटीनं न्हाय व्हायचं." हे गोठ्यातून बाहेर आले. तिच्याकडं बघू शकले नाहीत, पण म्हणाले, "बघतो." मग ओढ्यातून न जाता तिच्या दारावरून रानात गेले.

माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. मी वाट बघते आहे.

साखरबाई


निरवांगी,
२९ ऑक्टोबर १९९४

गुलजार,

पत्र लिहायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. तुझी सगळी पत्रं साखरेनं माझ्यापुढं ठेवली. वाचली. तू माझ्यासाठी खोटं घ्यायला निघाला होतास ते वाचून तुझा राग आला. पुन्हा असलं करू नकोस.

हात माझा होता, तो गेला नव्हता, हे कळलं. सोनबा परत येत नाही. दोन्ही गोष्टी आता बरोबर घेऊनच चालायचं आहे.

रायफल विकायची नाही. नवा दस्ता पुरा केला नसशील तर बैठक अजून बसवू नकोस. आम्ही पुढच्या गुरुवारी येतो. काजळी धरून ठेव.

आम्ही म्हणजे दोघं. साखरेला स्क्रू कसे उघडायचे आणि लोखंड लाकडातून वेगळं कसं काढायचं ते शिकव. शिकारीला निघताना मला ओवाळणारी तीच आहे आणि तीच राहील. लाकडाला हळदीचा हात लावणार नाही म्हणते. लोखंड बाहेर काढून त्याला एक बोट लावील, पुसून कोरडं करील, आणि मग स्वतः बसवील. मी म्हटलं, चालेल.

बिस्मिल्लाभाभींना सांग, दोन कप चहा ठेवा. माझा पूर्ण भरलेला.

ज्ञानू